पाऊण वाजता तुटलेलं भाषण

रविवार, ५ जुलै १९९२

प्रिय तांत ओर्तांस,

ईस्टरच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. आधी ती दुरुस्त करते, मग बाकीचं.

मी लिहिलं होतं की १९७८ साली शिक्षण व नेमणुका विधेयकावर बोलताना सिनेटर प्रोस्पेर तुझ्याबद्दल एकच वाक्य बोलल्या आणि पुढच्या कलमाकडे वळल्या. ते मी छापील कार्यवृत्त बघून लिहिलं. छापलंय म्हणजे तेवढंच असणार, असं धरून चालले. पण तसं नाही. त्या वाक्यानंतरही त्या तुझ्याबद्दलच बोलत होत्या, जवळजवळ चार मिनिटं. मंगळवारी मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

सोलांज, तू हे माझ्या मावशीला वाचून दाखवते आहेस ना? मग इथे जरा थांब. तिच्या हातात इस्त्री असेल तर ती आधी खाली ठेवायला सांग.

माझं काम तुला माहीत आहे. सभागृहात जे बोललं जातं ते टेपवरून शब्दन् शब्द उतरवायचं. आम्ही चार प्रतिवेदक, प्रत्येकाच्या वाट्याला पाच-पाच मिनिटं. सध्या मात्र मला एका पुस्तकावर बसवलंय. सिनेटर प्रोस्पेर नोव्हेंबरात पंचाहत्तर वर्षांच्या होतात. शिक्षण आणि सरकारी नेमणुका या दोन विषयांवर एकवीस वर्षांत त्या जे जे बोलल्या, ते सगळं सभागृहाचं ग्रंथालय एकत्र छापतंय. जुळणी माझ्याकडे आहे. खरं सांगू? मला हे काम फार आवडतं. तुला लिहायला संकोच वाटतो, कारण रेडिओवर ते वाक्य बोललेली बाई तीच आहे. पण शाळांच्या गळक्या छपरांवर, मुलींच्या संडासांवर, निवडणूक झाली की सूडाने होणाऱ्या शिक्षकांच्या बदल्यांवर त्या इतकं नेमकं बोलल्या आहेत, की वाचता वाचता माझा कोको निवून जातो.

तर ते भाषण. छापील पान असं आहे: ‘महोदय, आन्स मापूच्या शाळेत बालवर्ग अशा बाईच्या हाती आहे, जिला स्वतःचं नावही वाचता येत नाही. ही आपल्या नेमणुकांची तऱ्हा.’ त्याखाली कंसात: ‘सदस्य क्रेओलमध्ये बोलतात.’ त्याखाली: ‘आता कलम सात.’

कामकाजाची भाषा इंग्रजी. कोणी आपल्या घरच्या क्रेओलमध्ये बोललं की आम्ही कंस टाकून मोकळे होतो. बहुतेक वेळा तो एखादा टोमणा असतो, म्हणून त्या कंसाकडे मी पूर्वी लक्ष दिलं नाही. पण पाच मिनिटांचा मजकूर एक पान तरी भरतो, आणि इथे पाव पानसुद्धा नव्हतं. उरलेली मिनिटं कुठे गेली? मी तळघरातून टेप काढून आणली.

टेपवर त्या क्रेओलमध्ये बरंच बोलतात. त्यातलं मुख्य तेवढं देते, पण शब्द बदललेले नाहीत: ‘तिचं नाव ओर्तांस कादेत. मंत्र्याची चिठ्ठी तिला मिळालेली नाही. चिठ्ठीवर नेमलेली मास्तरीण इथे राजधानीत पगार घेते, आणि तिकडे तिचा वर्ग शाळेची स्वयंपाकीण सांभाळते. मी खिडकीबाहेर उभी राहून पाहिलंय. त्रेचाळीस मुलं. एकही रडत नव्हतं. पुस्तक हातात धरून ती ते तोंडपाठ म्हणत होती आणि मुलं तिच्या मागून. काढायचं तर त्या चिठ्ठीवालीला काढा. हिला वाचायला शिकवा आणि हिलाच नेमा. ओर्तांस, तू ऐकत असशील तर ऐक, मी तुझ्या बाजूने बोलतेय. इथल्या रात्रवर्गात तुझी जागा ठेवलीय, ये.’ मग अध्यक्ष हातोडा आपटून म्हणतात, ‘सदस्यांनी इंग्रजीत बोलावं.’

पण तू ते ऐकलं नाहीस. आपण सगळे दुकानात रेडिओभोवती होतो आणि आपल्यापैकी कोणीच ते ऐकलं नाही. प्रतिवेदकाच्या वहीत वेळ लिहिली आहे: क्रेओल सुरू झालं तेव्हा बारा पंचेचाळीस. पाऊण वाजला की मृत्यूवार्ता. पंतप्रधान बोलत असोत की बिशप, रेडिओ त्यांना तोडतो आणि गेलेल्यांची नावं वाचतो. त्या दिवशी मोर्न-ब्लांचे ‘कॅप्टन’ म्हातारे गेले होते. एकतीस नातवंडं, प्रत्येकाचं टोपणनावासकट नाव. ती यादी संपून सभागृह परत लागलं, तेव्हा कलम सात चालू होतं.

चौदा वर्षं आपण त्या भाषणाचा अर्धाच भाग धरून बसलो.

तू उत्तर पाठवत नाहीस, ते राहू दे. पण हे तुला कळायला हवं होतं.

तुझी,
व्हितालीन


गुरुवार, १६ जुलै

प्रिय तांत,

मी सिनेटर प्रोस्पेरना भेटून आले. परवानगी काढून गेले. आमचे प्रमुख श्री. अल्सिंदोर म्हणाले, “पुस्तकाच्या कामाला जातेस ना? मग जा. पण वाद घालू नकोस. त्या बाईशी वादात तीन मंत्री हरलेत.”

त्या व्हरांड्यात बसून वाटाणे सोलत होत्या. मी बसले तर माझ्यासमोरही एक वाडगा ठेवला. “हात रिकामे ठेवून माझ्याकडे कोणी बोलत नाही,” म्हणाल्या.

मी टेपबद्दल सांगितलं. त्यांनी शेंग सोलणं थांबवलं नाही.

“मादाम, ते क्रेओलमधलं बोलणं पुस्तकात यायला हवं.”

“का? मी नियम मोडला, अध्यक्षांनी थांबवलं, कंस पडला. नोंद बरोबर आहे.”

“पण अर्थ उलटा होतो.”

“मुली, एकवीस वर्षं मी मंत्र्यांना सांगत आले की नियम सगळ्यांना सारखा. आता माझ्या पुस्तकात माझ्यासाठी सवलत मागू?”

तांत, मला वाद घालायचा नव्हता. पण तोंडातून निघून गेलं: “सवलत तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. ओर्तांस कादेत माझ्या आईची बहीण. तिनेच मला वाढवलं.”

तेव्हा वाटाणे थांबले. मग म्हणाल्या, “तिच्यासाठी मी इथल्या रात्रवर्गात जागा ठेवली होती. पहिल्या बाकावर, कारण मागे बसणाऱ्या बायका नुसत्या हसतात. दोन महिने वाट पाहिली. ती आली नाही. मला वाटलं, मी तिचं नाव चारचौघांत घेतलं म्हणून रागावली. स्वाभिमानी बाई आहे, रागवायचा तिला हक्क आहे, म्हणून मी पुन्हा दारात गेले नाही.”

“तिने ते ऐकलंच नाही, मादाम. मृत्यूवार्ता.”

“म्हणजे?”

“पाऊण वाजला होता.”

आधी त्या हसल्या. अशा हसल्या की वाडगा मांडीवरून घसरला. मग डोळे पुसत म्हणाल्या, “चौदा वर्षं मी मनातल्या मनात त्या बाईशी भांडतेय, आणि तिने ऐकलं काय तर कॅप्टनची नातवंडं!”

मी विचारलं, क्रेओलमध्ये का बोललात? म्हणाल्या, “तिला कळावं म्हणून. दुसरं काय? इंग्रजीत मी तिच्याबद्दल बोलत होते. मग वाटलं, हिच्याशीच बोलावं.”

निघताना त्यांनी अट घातली. तळटीप चालेल, पण त्यात तुझं नाव छापलं जाईल. आतापर्यंतच्या छापील पानावर तुझं नाव कुठेच नाही. “तिची मर्जी असेल तरच. नाव तिचं आहे. नाही म्हणाली तर कंस तसाच राहील. आणि मला माफ केलं नसेल तर तेही छाप.”

तर मी तुला विचारते आहे. तळटीपेत तुझं नाव छापू का? पुस्तक मंगळवारी, १ सप्टेंबरला छापखान्यात जातं.

तुझ्या वर्गाची खबर त्यांना कशी लागली, तेही मी विचारलं. कोणा मुलीने सांगितलं म्हणे. त्यांना तिचा चेहरा आठवत नाही.

तुझी,
व्हितालीन


सोमवार, ३ ऑगस्ट

प्रिय तांत,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ लिहिली तेव्हापासून मला चैन नाही. ‘कोणा मुलीने’ असं मी लिहिलं. त्याआधीही दोन पत्रांत लिहिलं होतं की कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

ती मुलगी मीच.

मी आठ वर्षांची होते. वर्गाबाहेर खिडकीखाली बसून आंबा खात होते. टोपी घातलेली एक बाई आली. मला वाटलं, बियाणं विकणारी असेल. तिने विचारलं, “आत कोण शिकवतंय गं?” मी म्हटलं, “माझी तांत.” “छान शिकवते. पुस्तक छान वाचते.” आणि मी म्हटलं, “ती वाचत नाही. तिला वाचता येत नाही. तिला सगळं पाठ आहे. तुम्ही कुठलंही पान काढा, ती चित्र बघून म्हणून दाखवेल.”

मला मिरवायचं होतं, तांत. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि माझी तांत न शिकताही सगळ्यांत हुशार, हे मला कोणालातरी सांगायचंच होतं. दहा दिवसांनी रेडिओवर ते वाक्य आलं. दुकानातले सगळे तुझ्याकडे वळले. तू रॉकेलची बाटली घेऊन शांतपणे घरी निघालीस आणि मी तुझ्या मागून चालत आले. तेव्हापासून मी कोणाशी बोलताना प्रत्येक वाक्य तीनदा तपासते. ऑफिसात त्यावरून हसतात. श्री. अल्सिंदोर म्हणतात, ही ‘शुभ सकाळ’ म्हणायच्या आधी घड्याळ बघते.

महिन्याभरात तू बोटीने मार्तिनिकला गेलीस. मला शेजारी मा फोंसोकडे ठेवलंस. दर सप्टेंबरला मा फोंसो माल विकून परत यायची तेव्हा तिच्या टोपलीत तू पाठवलेले बूट असायचे, बरोबर मापाचे, पण निरोप नसायचा. मी समजले, तुला कळलंय. मी विचारलं नाही. पत्रं लिहायला लागले तेव्हाही नाही. हवापाणी, परीक्षा, पावसात वाहून गेलेला पूल, बहुतेक एवढंच लिहीत राहिले.

एक आणखी सांगायचं राहिलं. मला ही नोकरी कशी लागली माहीत आहे? आन्स मापूच्या चर्चच्या दारावर इंग्रजी आणि क्रेओल अशा दोन्ही भाषांत जाहिरात चिकटवली होती. परीक्षा झाली, यादी लागली, मी तिसरी आले. प्रत्येक जागेची जाहिरात गावागावांत दोन्ही भाषांत लागलीच पाहिजे, हे त्याच विधेयकाचं कलम सात. हे मला गेल्या महिन्यात पुस्तक जुळवताना कळलं. त्या दिवशी मी जेवायला बाहेर न जाता जागेवरच बसून राहिले.

नावाबद्दल तू काय ठरवशील ते ठरव. हे कळल्यावर तुला माझं तोंड बघायचं नसलं तरी नावाचं तेवढं कळव.

सोलांज, हे पत्र गाळून वाचू नकोस.

व्हितालीन


शनिवार, १५ ऑगस्ट

प्रिय तांत,

आज मा फोंसो बोटीवरून उतरली. मी धक्क्यावर सकाळी सातपासून उभी होते. बोट दहाला आली. तिने मला लांबूनच पाहिलं आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “उत्तर आणलंय! आधी टोपल्या उचल, उत्तर वजनाला हलकं आहे!”

घरी येऊन तिने मला भाजलेला नीरफणस आणि खारा मासा वाढला. “आधी खा, मग रड. दोन्ही एकदम करू नकोस, घशाशी अडकतं.”

“मी रडत नाहीये.”

“मग खा.”

तू सांगितलंस ते तिने तुझ्या आवाजात, तुझ्यासारखी मान वाकडी करून सांगितलं. मी ते इथे लिहिते, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर तू दुरुस्त करशील.

सोलांजने तिन्ही पत्रं हॉटेलच्या धुलाईघरात एकदम वाचली. सगळ्या बायका थांबल्या आणि एक चादर जळली. काम संपल्यावर मा फोंसोला म्हणालीस, “त्या पोरीला सांग, मला चौदा वर्षांपूर्वीच माहीत होतं. त्याच संध्याकाळी ती नाचत घरी आली आणि म्हणाली, ‘तांत, आज एका बाईला मी सांगितलं, तू किती हुशार आहेस ते.’ माझ्याबद्दल असं कोणी कधी बोललं नव्हतं. रेडिओवर ते वाक्य आलं तेव्हा वाईट वाटलं, ते त्या मास्तरणीसारखी मीही चिठ्ठीवर आले असं लोकांना वाटलं म्हणून. वाचता येत नाही हे तर खरंच होतं.”

तांत, तुला सांगितलेलं मला अजिबात आठवत नाही. बाकी सगळं आठवतं, आंब्याची सालसुद्धा.

“मग ती का गेली?” मी विचारलं. मला अगदी खात्री होती की लाजेने गेली.

मा फोंसो म्हणाली, “लाज? ओर्तांसला? अगं, भाषणानंतर हेडमास्तर घाबरला. म्हणाला, यापुढे फक्त स्वयंपाक, वर्गाच्या दारात उभं राहायचं नाही. ती म्हणाली, भिंतीपलीकडे पोरं चुकीचं म्हणताना ऐकू येणार आणि मी कांदे चिरत बसू? मग मार्तिनिकमध्येच कांदे चिरीन.”

“आणि मला का नेलं नाही?”

“तिकडे शाळा फ्रेंचमध्ये. तू इंग्रजीत पहिली आलेली. तुला पुन्हा अबकपासून बसवायचं?”

“आणि उत्तरं?”

यावर मा फोंसो इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, तू सांगितलंस, “तिच्या पत्रांत कधी काही विचारलेलंच नसायचं. पूल वाहून गेला, यावर मी काय उत्तर देऊ? या वेळी पहिल्यांदा विचारलंय, म्हणून उत्तर पाठवतेय.”

आणि उत्तर असं: नाव छाप. पूर्ण छाप, ओर्तांस मारी कादेत. ‘वाचता येत नाही’ हेही राहू दे. पण त्रेचाळीस मुलं हे चूक आहे. पटावर त्रेचाळीस होती. ती बाई खिडकीशी उभी होती त्या दिवशी केळ्यांची बोट लागली होती, पाच जण घरच्यांबरोबर घड वाहायला गेले होते. वर्गात अडतीस होती.

सिनेटर बोलल्या तो आकडा बदलता येत नाही. बोललेलं ते बोललेलं, हा आमचा पहिला नियम. म्हणून लगेच निघाले. आज दुपारी मी श्री. अल्सिंदोरांच्या घरी गेले. सणाचा दिवस, ते डुक्कर भाजत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तुला तळटीपेला तळटीप हवी आहे?”

“हो, साहेब.”

“तुझ्या घराण्यात सगळेच असे आहेत का?”

“मला वाटतं, आम्ही दोघीच.”

मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं. तू माझी नातेवाईक आहेस हे मी लेखी कळवायला हवं. कळवलं की नियमाप्रमाणे त्या भाषणाचा अनुवाद दुसरा कोणीतरी तपासेल, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘जुळणी’ म्हणून माझं नाव जायचं होतं ते गळेल. “सिनेटर कोणाला सांगणार नाहीत, मीही विसरून जाईन. नाव राहील. तुझं पहिलंच पुस्तक आहे. नीट विचार कर.”

मी त्यांच्या आवारातून बाहेर पडेपर्यंत विचार केला. त्या पुस्तकात एका कादेतचं नाव पुरे आहे, आणि ते योग्य त्या पानावर आहे. मला वाईट वाटतंय का, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. नाही वाटत. मघाशी भांडी घासताना मी गात होते म्हणे. मा फोंसोने भिंतीपलीकडून विचारलं, कोण मेलं?

तू आणखी एक विचारलंस: त्या बाईचा आवाज ऐकायला मिळेल का? टेप इमारतीबाहेर नेता येत नाही, आणि मी नेणार नाही. पण कोणाही नागरिकाला शुक्रवारी सकाळी तळमजल्यावरच्या खोलीत बसून ती ऐकता येते. आधी अर्ज लागतो. तो मी तुझ्या नावाने भरून ठेवते. सही म्हणून अंगठा चालतो, सही आलीच तर सही. गुरुवारच्या बोटीने आलीस तर मा फोंसोकडे तुझी खाट आहे. ऑगस्टात हॉटेलातून सुटी मिळत नाही हे मला कळतं. मिळाली नाही तर पुढच्या कुठल्याही शुक्रवारी ये, टेप कुठे जात नाही.

मी मात्र त्यासाठी थांबणार नाही. नात्याचा कागद, तळटीप आणि तळटीपेची तळटीप, तिन्ही एकाच पाकिटात घालून मी श्री. अल्सिंदोरांच्या टेबलावर ठेवणार आहे: शुक्रवार, २८ ऑगस्ट, सकाळी नऊ वाजता.

तुझी,
व्हितालीन